दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ: आकडे स्वतः कसे काढायचे

मुंबई ते लंडन विमानाने किती लांब, असं इंटरनेटवर विचारलं की लगेच उत्तर येतं: सुमारे ७,२०० किलोमीटर. आकडा चुकीचा नाही. पण त्या आकड्यामागे जी वाट आहे, त्या वाटेने आज प्रवासी विमान जाऊच शकत नाही. मग तिकीट बघावं, तर हिवाळ्यातलं एखादं विमान दुपारी दीडला मुंबईहून निघून संध्याकाळी पावणेसहाला लंडनला उतरलेलं दिसतं. म्हणजे सव्वाचार तास? आणि येताना रात्री नऊला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकरा, म्हणजे सव्वाचौदा तास? दोन्ही हिशेब फसवे.

हा गोंधळ सोडवायला पायलट असावं लागत नाही. एक नकाशा, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि थोडा धीर एवढं पुरतं. आईवडिलांना परदेशी पाठवताना, मधल्या विमानतळावर किती वेळ ठेवावा हे ठरवताना किंवा न्यायला येणाऱ्याला नेमकी वेळ सांगताना हा हिशेब कामी येतो.

पहिली पायरी: शहर नको, विमानतळ ठरवा

अंतर दोन विमानतळांमधलं असतं, दोन शहरांमधलं नाही. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो: मुंबईचा बीओएम, पुण्याचा पीएनक्यू, नागपूरचा एनएजी, लंडन हीथ्रोचा एलएचआर. शोधताना शहराऐवजी हा कोड टाकायची सवय लावा.

गोव्याचं उदाहरण घ्या. दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. मोपाहून जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. मुंबईहून दोन्हीकडे उडायला जवळजवळ सारखाच वेळ लागतो, पण सावंतवाडीला जाणाऱ्याने दाबोळीचं तिकीट काढलं आणि मडगावला जाणाऱ्याने मोपाचं, तर दोघांचाही विमानात वाचवलेला वेळ टॅक्सीत जातो. आता नवी मुंबईचा विमानतळही आला आहे, त्यामुळे ‘मुंबईहून विमान’ म्हटल्यावर कुठल्या मुंबईहून, हे विचारावंच लागतं. न्यूयॉर्कचंही तसंच. एडिसनला मुलाकडे निघालेल्या आजीआजोबांना न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापेक्षा न्यू जर्सीतलं नेवार्क कितीतरी सोयीचं.

दुसरी पायरी: सरळ अंतर काढा

शाळेच्या भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. आता पृथ्वीगोल घ्या आणि याच दोन ठिकाणांवर दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो, मध्य आशिया आणि रशियावरून वर चढतो, आइसलँडवरून जातो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. गोलावरचा सगळ्यात जवळचा मार्ग हाच. भूगोलात याला बृहद्‌वृत्त म्हणतात. या मार्गाने मुंबई ते जेएफके सुमारे १२,५०० किलोमीटर भरतं. घरी पृथ्वीगोल असेल तर हा प्रयोग पोरांना करायला द्या.

गोल नसेल तर सोपा उपाय म्हणजे संगणकावर गुगल मॅप्स उघडून विमानतळावर उजवं बटण दाबा, अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या विमानतळावर टिचकी मारा. येणारा आकडा बृहद्‌वृत्ताचाच असतो. ग्रेट सर्कल मॅपर नावाच्या संकेतस्थळावर तर दोन कोड टाकले की नकाशासकट उत्तर मिळतं.

तरी एकदा हाताने करून पाहाच, कारण मग आकड्यांवर विश्वास बसतो. मुंबई–नागपूर घेऊ. मुंबई विमानतळाचा अक्षांश १९.०९ आणि रेखांश ७२.८७. नागपूरचे २१.०९ आणि ७९.०५. अक्षांशांतला फरक २ अंश, रेखांशांतला ६.१८ अंश.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर २ × १११ = २२२ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जाल तसा आखूड होत जातो, म्हणून त्याला दोन्ही अक्षांशांच्या सरासरीच्या कोसाइनने (कॅल्क्युलेटरवरचं cos बटण) गुणायचं. सरासरी २०.०९, तिचा कोसाइन ०.९३९. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर ६.१८ × १११ × ०.९३९ = ६४४ किलोमीटर. पुढे पायथागोरस: २२२ चा वर्ग ४९,२८४, ६४४ चा वर्ग ४,१४,७३६, बेरीज ४,६४,०२० आणि तिचं वर्गमूळ ६८१. मुंबई–नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. कोसाइन काढताना ०.३२ असं काही आलं तर घाबरू नका, कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे. तो अंशावर आणा.

ही युक्ती भारतातल्या भारतात उत्तम चालते. लंडन-न्यूयॉर्कसाठी ती वापरू नका. पृथ्वीचा गोलावा तिथे मोठी चूक करवतो.

एककांकडेही लक्ष असू द्या. विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. साधा मैल १.६०९ चा. कुठल्या मैलात अंतर दिलंय हे न बघता गुणाकार केला की लंडन हजारभर किलोमीटर इकडे-तिकडे सरकतं.

तिसरी पायरी: विमान खरंच तिकडून जातं का?

इथे बहुतेक लोक थांबतात, आणि खरी मजा इथूनच सुरू होते.

मुंबई–लंडनच्या त्या ७,२०० किलोमीटरच्या रेषेखाली काय काय येतं पाहा: सौराष्ट्र, कच्छ, सिंध, बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, अझरबैजान, जॉर्जिया, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, पोलंड, जर्मनी, बेल्जियम. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि काही दिवसांत भारतानेही तेच केलं. जून २०२५ मध्ये इस्रायल–इराण संघर्षात इराण आणि इराकचं आकाशही बंद झालं होतं. नकाशावरची सरळ रेघ आणि आकाशातली वाट यांचा संबंध असा राजकारणातून जातो.

मग खरं अंतर कसं काढायचं? प्रवासाचे तुकडे करा. मुंबईहून पश्चिमेला जाणारी विमानं अरबी समुद्र ओलांडतात, म्हणून मधला टप्पा मस्कत धरा. मुंबई–मस्कत सुमारे १,५९० किलोमीटर आणि मस्कत–लंडन सुमारे ५,८३०. बेरीज ७,४२०. म्हणजे सरळ रेषेपेक्षा सव्वादोनशेच्या आसपास जास्त, विमानाच्या हिशेबात पंधरा मिनिटं. मस्कतच्या पुढेही वाट थोडी वाकडी होते, तेव्हा हा आकडा किमान समजा.

आता हेच दिल्लीला लावून पाहा. सरळ रेषेत दिल्ली–लंडन सुमारे ६,७३० किलोमीटर आहे, मुंबईपेक्षा जवळपास पाचशेने जवळ. पण भारतीय कंपनीच्या विमानाला पाकिस्तान टाळायचा तर आधी खाली गुजरातपर्यंत यावं लागतं. दिल्ली–अहमदाबाद साडेसातशेच्या वर, अहमदाबाद–मस्कत साधारण १,४७०, पुढे तेच ५,८३०. बेरीज आठ हजारांच्या पुढे! जवळची दिल्ली एका फटक्यात मुंबईपेक्षा लांब झाली. मुंबईच्या पश्चिमेला मोकळा समुद्र आहे म्हणून तिचं फारसं बिघडलं नाही. याच कारणाने दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना व्हिएन्नात इंधनासाठी उतरावं लागलं.

यातून तिकीट काढणाऱ्याने घ्यायचं ते असं: ही बंदी भारतीय कंपन्यांना आहे, ब्रिटिश किंवा युरोपीय कंपन्यांना नाही. म्हणून एकाच दिवशी, त्याच दोन विमानतळांमध्ये, दोन कंपन्यांचा वेळ तासाभराने वेगळा दिसू शकतो. रशियाचं उलटं आहे. २०२२ पासून रशियाने युरोपीय कंपन्यांना मज्जाव केला आणि फिनलंडच्या फिनएअरचं हेलसिंकी–टोकियो उड्डाण साधारण नऊ तासांवरून तेराच्या आसपास गेलं. भारतीय कंपन्यांवर ती बंदी नाही.

चौथी पायरी: किलोमीटरचे तास करा

तिकिटावरचा वेळ टेकऑफपासून लँडिंगपर्यंतचा नसतो. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या टोकाला गेटवर उभं राहीपर्यंतचा तो वेळ, ज्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात जमिनीवरचं रांगणं, चढण, उतरण, रांगेतल्या घिरट्या सगळं आलं.

देशांतर्गत जेटसाठी माझा ठोकताळा सोपा आहे: अंतराला ८०० ने भागा आणि ४० मिनिटं मिळवा. मुंबई–नागपूर ६८० ÷ ८०० म्हणजे ५१ मिनिटं, अधिक ४०, एकूण दीड तास. पुणे–दिल्ली सुमारे १,१५५ किलोमीटर, म्हणजे ८७ मिनिटं अधिक ४०, सव्वादोन तासांना थोडा कमी. वेळापत्रकात याच्या पाच-दहा मिनिटं मागेपुढे दिसेल.

एअरबस ए३२० ढगांवर पोहोचल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं, बोइंग ७७७ किंवा ७८७ नऊशेच्या. पण नाशिक-कोल्हापूरसारख्या लहान पल्ल्यांवर एटीआर मिळालं तर हिशेब बदला. दोन पंख्यांचं हे विमान ताशी पाचशेच्या आसपास चालतं, म्हणून ८०० ऐवजी ४५०–५०० ने भागा. कुठलं विमान आहे हे तिकीट काढतानाच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

ती ४० मिनिटं खातं कोण, हे खिडकीतून दिसतं. मुंबईत वर्षातला बराच काळ विमानं पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून उडतात. नागपूरला जायचं म्हणजे पूर्वेला, पण विमान आधी समुद्रावर जातं, तिथे वळण घेतं आणि मग शहराला बगल देऊन पूर्वेची वाट धरतं. प्रवाशाला वाटतं, आपण निघालो, पण नागपूर अजून होतं तिथेच आहे. शिवाय मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. संध्याकाळच्या गर्दीत टेकऑफच्या रांगेत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. पुण्यात वेगळी अडचण: लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आहे, नागरी विमानांना त्यांच्या सोयीने वेळा मिळतात.

कंपन्यांना हे सगळं ठाऊक असतं, म्हणून त्या वेळापत्रकात आधीच पंधरा-वीस मिनिटं जास्तीची घालून ठेवतात. ‘वीस मिनिटं उशिरा निघालो तरी वेळेत पोहोचलो’ यामागे पायलटची करामत कमी आणि ही उशी जास्त.

पाचवी पायरी: वारा जमेस धरा

दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात. हे जेट प्रवाह हिवाळ्यात उत्तर भारतावरही येतात. पूर्वेला जाणारं विमान प्रवाहाबरोबर सोडलेल्या होडीसारखं पुढे ढकललं जातं, पश्चिमेला जाणाऱ्याला त्याच पाण्याशी झुंजावं लागतं.

आकड्यात मांडू. विमान हवेत ताशी ९०० ने उडतंय आणि सरासरी वारा ६० चा आहे. लंडनला जाताना जमिनीवरचा वेग ८४०, येताना ९६०. मघाचे ७,४२० किलोमीटर ८४० ने भागले की ८ तास ५० मिनिटं, ९६० ने भागले की ७ तास ४४ मिनिटं. दोन्हीत ४० मिनिटं मिळवा: जाताना साडेनऊ तास, येताना जवळपास साडेआठ. एका तासाचा फरक, तोही साध्या वाऱ्यात. फेब्रुवारी २०२० मध्ये सिएरा वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलं होतं. तिकिटावर त्या प्रवासाला सहा तासांच्या वर वेळ लिहिलेला असतो.

पुणे–दिल्लीसारख्या उत्तर-दक्षिण मार्गांवर वारा बाजूने लागतो, त्याची फार चिंता करायला नको. मुंबई–कोलकातासारख्या आडव्या मार्गावर मात्र जाण्या-येण्यात दहा-वीस मिनिटांचा फरक दिसतो.

सहावी पायरी: घड्याळं जुळवा

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. सुटण्याची मुंबईची, पोहोचण्याची लंडनची. खरा वेळ काढायचा तर दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत आणा आणि मगच वजाबाकी करा. डोकं चालवून ‘साडेपाच मिळवायचे की वजा करायचे’ असा विचार करत बसलात की चुकलंच म्हणून समजा.

सुरुवातीचं उदाहरण सोडवू. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथले संध्याकाळचे पावणेसहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे सव्वाअकरा. दुपारी दीड ते रात्री सव्वाअकरा, पावणेदहा तास. येताना लंडनचे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे अडीच. अडीच ते सकाळी सव्वाअकरा, पावणेनऊ तास. आपण काढलेल्या साडेनऊ आणि साडेआठच्या किती जवळ आले बघा. उरलेली पंधरा मिनिटं कंपनीची उशी.

उन्हाळी वेळेत ब्रिटनची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. तेवढ्या काळात फरक साडेचार तासांचा. अमेरिका मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ बदलते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत आणते. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चमधले ते दोन-तीन आठवडे लंडनमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांनी विशेष सांभाळावेत. नेहमीचा पाठ असलेला फरक तेव्हा लागू पडत नाही. दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे, आणि हे दोघं वर्षभर आपलं घड्याळ बदलत नाहीत.

पोहोचण्याच्या वेळेशेजारी बारीक ‘+१’ असेल तर तो दुसरा दिवस. मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुटणाऱ्या विमानाचा घोळ तर घराघरात होतो: १५ तारखेच्या रात्री साडेबाराचं विमान म्हणजे १४ तारखेला रात्री नऊच्या सुमारास विमानतळ गाठायचा.

सातवी पायरी: ताळा करा

फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर विमानाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांतली त्याची प्रत्यक्ष उड्डाणं दिसतात: कधी निघालं, कधी टेकलं, कुठून गेलं. एकाच दिवसावर जाऊ नका, चार-पाच दिवस पाहा. वाट नकाशावर दिसते आणि मस्कतचा आपला अंदाज कितपत बसला हेही कळतं. रोज चाळीस मिनिटं उशिरा पोहोचणारं विमान असेल तर वेळापत्रकात काहीही लिहिलेलं असो, तुम्ही चाळीस मिनिटं धरूनच चाला.

मधे विमान बदलायचं असेल तर हे तपासणं सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील आणि पहिलं उशिरा आल्याने दुसरं चुकलं, तर पुढची सोय कंपनी करते. स्वस्तात पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढलीत तर दुसऱ्या कंपनीला तुमच्या पहिल्या विमानाशी काही देणंघेणं नसतं. शिवाय बॅगा घ्यायच्या, पुन्हा द्यायच्या, टर्मिनल बदलायचं. अशा वेळी मी चार तासांहून कमी वेळ ठेवायला कुणाला सुचवणार नाही, आणि ज्येष्ठ नागरिक असतील तर दोन तिकिटांच्या वाटेला जाऊच नये.

शेवटची बेरीज: दारापासून दारापर्यंत

पुण्यात राहणाऱ्यासाठी लंडनचा प्रवास पावणेदहा तासांचा नसतो. दुपारी दीडचं विमान म्हणजे साडेदहाला मुंबई विमानतळावर. पुण्याहून दीडशे किलोमीटर, घाटातली कोंडी धरून चार तास. म्हणजे घर सोडायचं सकाळी साडेसहाला, जमल्यास सहालाच. उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाला दीड तास, पुढे लंडनमधल्या घरापर्यंत आणखी एक. सकाळी साडेसहा ते आपल्या वेळेनुसार मध्यरात्रीनंतर पावणेदोन: सव्वाएकोणीस तास. औषधांच्या वेळा, जेवणाचे डबे आणि न्यायला येणाऱ्याला सांगायची वेळ या आकड्यावरून ठरवा. त्याला विमान उतरण्याची वेळ पावणेसहा सांगा आणि बाहेर येण्याची सव्वासात, म्हणजे तो पार्किंगचे पैसे भरत उगाच ताटकळणार नाही.